डाव्या हाताची गिरकी

गल्लीत त्यांना नावाने ओळखणारे फारसे कोणी उरले नव्हते. सगळे त्यांना ‘पावणेसहा’ म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. कारण साधे होते. रोज सकाळी पावणेसहाला त्यांच्या घरातून ‘खट्’ असा एक आवाज येई, पाठोपाठ रेडिओ घसा साफ करी, आणि बातम्या संपण्याच्या ठरलेल्या वेळी पुन्हा ‘खट्’ होऊन, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा, तो गप्प होई. मग वृत्तनिवेदक वाक्याच्या मध्यावर का असेना. समोरचा न्हावी आपल्या दुकानाच्या फळ्या त्या पहिल्या खटक्यावर काढीत असे. “कोंबडा एखाद्या दिवशी आजारी पडेल,” तो गिऱ्हाइकांच्या गालाला साबण लावता लावता म्हणे, “पावणेसहा पडायचे नाहीत.”

हा माणूस रेडिओच्या कारखान्यात घड्याळ विभागाचा तपासनीस होता. त्या काळी काही रेडिओंच्या पेटीतच, जाळीच्या शेजारी, विजेवर चालणारे घड्याळ बसवून मिळे. घड्याळाच्या तबकडीला कडेने बारीक भोके असत. हव्या त्या वेळेच्या भोकात एक पितळी पिन चालूची खोचायची आणि दुसरी बंदची. तबकडी फिरता फिरता पिन खटक्याशी आली की खटका पडे आणि रेडिओ आपोआप चालू होई किंवा बंद होई. आज हे कोणाला नवलाचे वाटणार नाही; पण तेव्हा दिवाणखान्यात पाहुण्यांना बसवून, चहा देऊन, आता बघा हं, म्हणून हा खटका ऐकवणारी घरे होती.

त्या घड्याळांत एक खोड होती. वीज गेली की ती थांबत आणि वीज परत आली तरी आपणहून सुरू होत नसत. मागच्या बाजूला सुपारीएवढे एक बोंड असे; त्याला अंगठ्याने गिरकी द्यावी लागे, तेव्हा मोटर विजेचा धागा पकडी. गंमत अशी, की ज्या दिशेने गिरकी द्यावी त्या दिशेने ती फिरू लागे. उलटी गिरकी दिली तर घड्याळ तितक्याच इमानाने, तितक्याच संथ गुणगुणीत, मागे मागे चालत राही.

नवे कामगार ही चूक हमखास करीत आणि पावणेसहा तिची जणू वाटच पाहत असत. लांबलचक टेबलावर पन्नास घड्याळे गुणगुणत असली, तरी उलटे चालणारे एक त्यांना दारातूनच दिसे. ते त्या कामगाराला त्या घड्याळापुढे उभे करीत आणि शांतपणे विचारीत, “किती वाजले?”

“साहेब, ते उलटं लागलंय.”

“मी किती वाजले ते विचारलं. याच्याप्रमाणे तुम्ही अजून घरून निघालाच नाहीत. मग हजेरी कशाची मांडू?”

सगळे टेबल हसे. कामगाराच्या कानाच्या पाळ्या लाल होत. पावणेसहा स्वतः हसत नसत. शिस्तीच्या गोष्टीत विनोद करावा लागतो याचेच त्यांना वाईट वाटे. बाजारात पुढे आपोआप सुरू होणारी घड्याळे आली, तेव्हा त्यांनी ती मनापासून तुच्छ मानली. त्यांचे म्हणणे असे, की वीज गेल्यावर जे घड्याळ थांबते ते निदान प्रामाणिक असते. जे काही झालेच नाही असे दाखवून पुन्हा चालू लागते, ते दिवसभर खोटे बोलते. हा विचार चुकीचा नव्हता. त्यांचे बरेचसे विचार चुकीचे नसत, आणि घरात त्याचाच जाच होता.

घरचा रेडिओ त्यांनी कारखान्यातूनच सवलतीत घेतला होता. त्याला हाताने चालू-बंद करायची एक दांडी असे. ती त्यांनी पहिल्याच रविवारी कापून टाकली आणि आतली तार डाग देऊन कायमची घड्याळाशी जोडली. आता तो रेडिओ पिनेशिवाय कोणाचे ऐकत नव्हता. पत्नीने विचारले, “अहो, मधेच कधी काही ऐकावंसं वाटलं तर?”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीला गल्लीत सगळे वहिनी म्हणत. मूलबाळ झाले नाही. वहिनींच्या वाट्याला सकाळच्या बातम्या येत, संध्याकाळच्या बातम्या येत, आणि बऱ्याच आर्जवांनंतर रविवारी दुपारी तासाभराची एक जादा पिनांची जोडी मंजूर झाली होती. तेवढ्यात नभोनाट्य बसे. पती कारखान्यात असताना वीज गेली तर घड्याळाला गिरकी देण्याचे कामही वहिनींचेच. ते पावणेसहांनी एकदा दाखवले, तीन वेळा करवून घेतले आणि वर बजावले, “उलटं लावशील.” वहिनींनी संसारात अनेक गोष्टी उलट्या केल्या असतील, उतू घालवल्या असतील, विसरल्या असतील, घड्याळ मात्र एकदाही उलटे लावले नाही. याबद्दल त्यांना कोणी शाबासकी दिली नाही. जे बरोबर असते त्याची दखल घेण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

वहिनींना एकच धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवले होते. तो फिरत्या नाटक मंडळीत होता आणि रेडिओवरही लहानसहान कामे करी. मेहुण्यांच्या मते हा धंदा नव्हता, उंडारण्याला मिळालेले सभ्य नाव होते. भाऊ आला की ते आधी घड्याळाकडे पाहत आणि मग त्याच्याकडे. तो हसून म्हणे, “भाऊजी, माझी बंदची पिन कितीला लावलीय?”

त्याला रेडिओवर पहिले मोठे काम मिळाले, ते एका रविवारच्या नाटकात. कित्येक वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेला माणूस परत येतो, सबंध नाटकभर वाटेत लोकांना भेटत भेटत घराकडे चालत राहतो आणि शेवटी दारावर थाप मारतो, एवढीच गोष्ट. त्या माणसाचे काम भावाचे. त्या दिवशी नाटकाआधीचे कोणाचे तरी भाषण लांबले आणि नाटक उशिरा सुरू झाले. वहिनींनी ते लगेच ओळखले.

“अहो, आज शेवटची पिन काढता का? तासात संपायचं नाही हे.”

पावणेसहा आरामखुर्चीत होते. रेडिओ हाताच्या अंतरावर होता. ते म्हणाले, “वेळापत्रकात तास लिहिलाय.”

“पण उशिरा सुरू झालं ना.”

“तो त्यांचा बेशिस्तपणा. त्यांच्यासाठी मी माझं घड्याळ बिघडवू? आज भावासाठी पिन निघाली की उद्या शेजारणीसाठी निघेल.”

 वहिनी रेडिओला कान लावून बसल्या, जणू जवळ बसल्याने पिन थोडी उशिरा पोचणार होती. नाटकातला माणूस दाराशी आला. त्याने थाप मारली. आतून बाईच्या आवाजात कोणी विचारले, “कोण?”

आणि खट्.

पंधरवड्याने भाऊ भेटायला आला. बूट काढता काढताच त्याने विचारले, “ताई, शेवट कसा वाटला?”

पावणेसहा तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. ते वाचायचे थांबले. वर मात्र पाहिले नाही.

“छान होता,” वहिनी म्हणाल्या.

“ते शेवटचं वाक्य ओळखलंस ना? संहितेत नव्हतं ते. मी घातलं. दिग्दर्शक नको म्हणत होते, पण म्हटलं, असू द्या, ऐकणारीला कळेल.” तो लाजून हसला. “तुझ्यासाठीच होतं.”

“कळलं की,” वहिनी म्हणाल्या. “चहा टाकते.”

खोटे वहिनी बोलल्या आणि अब्रू पावणेसहांची वाचली. त्यांनी ती गोष्ट पत्नीचा समंजसपणा म्हणून मनात नोंदवली आणि पान उलटले. कोणते वाक्य, हे वहिनी विचारू शकत नव्हत्या. विचारले असते तर ऐकलेच नाही हे उघडे पडले असते आणि का ऐकले नाही तेही सांगावे लागले असते. कधीतरी सहज त्याच्याच तोंडून निघेल, असे त्यांना वाटले असावे. पुढच्याच वर्षी दौऱ्यावर असताना तो तापाने गेला. बातमी पोचली तेव्हा सगळे आटोपलेही होते.

त्यानंतर वहिनींनी गल्लीत दोघीतिघींना विचारून पाहिले, की तुम्ही ते नाटक ऐकले होते का. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने ऐकले होते. “अहो, काय बोलला हो शेवटी!” ती म्हणाली. “माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.”

“काय बोलला?”

शेजारणीने सुई दातांत धरून बराच विचार केला. “आता शब्द नाही आठवत बाई. पण फार छान होतं.”

वर्षे गेली. ट्रान्झिस्टर आले, माणसे रेडिओ खिशात घालून हिंडू लागली, आणि घड्याळाच्या रेडिओंना गिऱ्हाईक राहिले नाही. विभाग बंद झाला. पावणेसहांना शेवटची काही वर्षे गोदामात खोकी मोजायला बसवले. तिथे उलटे-सुलटे काही चालतच नव्हते. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला. बोलणे सुधारले, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात कायमचा गेला. तो हात ते मांडीवर ठेवीत, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. नजरही अधू झाली. पिना बदलणे आता होत नसे, म्हणून त्या, रविवार दुपारच्या जोडीसकट, होत्या तशाच राहिल्या, आणि घर त्यांच्याभोवती फिरत राहिले. घड्याळाला गिरकी देणे संपूर्णपणे वहिनींकडे आले. वीज गेली की त्या स्वयंपाकघरातून हात पुसत येत, रेडिओ जरासा तिरका करीत, पाठीमागे हात घालून अंगठा फिरवीत आणि परत जात.

एका संध्याकाळी बातम्यांनंतर, बंदच्या पिनेच्या अलीकडे, निवेदिकेने सांगितले, की पुढच्या रविवारी दुपारी संग्रहातले एक जुने नाटक पुन्हा ऐकवण्यात येईल. तिने नाटकाचे नाव घेतले. प्रमुख भूमिका कोणाची तेही सांगितले. आणि खट्.

वहिनी चादरीची घडी घालत होत्या. अर्धी घडी हातात तशीच राहिली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या पावणेसहांच्या डाव्या हाताशी ठेवताना वहिनी म्हणाल्या, “रविवारी दुपारी मी शेजारी जाणार आहे. तिच्याकडे ट्रान्झिस्टर आहे.”

विचारले नव्हते, सांगितले होते. इतक्या वर्षांच्या संसारात पावणेसहांना हा फरक कळत होता.

“घरात रेडिओ असताना?”

“घरातला रेडिओ घड्याळाचा आहे.”

त्या तितक्याच आवाजात बोलल्या, जितक्यात भाजीवाला आला होता हे सांगत. पावणेसहा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वर्तमानपत्र न हलवता ऐकलेले ते शब्द, ‘तुझ्यासाठीच होतं’, त्यांनाही विसरता आले नव्हते. फक्त त्यांनी ते इतक्या नीट बाजूला ठेवले होते, की सापडायला इतकी वर्षे लागली.

रविवारी सकाळी, बातम्यांचा खटका पडून रेडिओ गप्प झाल्यावर, ते म्हणाले, “पक्कड दे. बारीक नाकाची.”

“कशाला?”

“बंदच्या पिना काढतो. सगळ्याच काढतो, म्हणजे धोका नको.”

“तुम्ही?”

“मग कोण? इथेच ऐक. आपल्या घरात.”

वहिनी दाराला टेकून पाहत राहिल्या. निरुपयोगी उजवा हात पेटीवर टाकून अंगाच्या भाराने ती दाबून धरायची, डाव्याने पक्कड चालवायची. पक्कड दर वेळी सटके. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबे आणि पुसायला हात मोकळा नसे. वहिनींनी मदत केली नाही. त्यांना ती शिक्षा वाटत होती की पूजा, हे सांगता येणार नाही. पण त्या तिथून हलल्या मात्र नाहीत. जेवायच्या वेळेपर्यंत सगळ्या बंदच्या पिना काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकल्या, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “हात धुऊन घ्या.” आणि शेजारणीला नाही म्हणून सांगून आल्या.

शेजारणीला विश्वास बसेना. “पावणेसहांनी पिना काढल्या? वहिनी, उद्या सूर्य पश्चिमेला उगवायचा.”

“उगवेल पूर्वेलाच,” वहिनी म्हणाल्या, “पण जरा उशिरा.” त्या हसल्या, आणि आपण हसलो याचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

“बरं झालं. मग मी लेकीकडे जाऊन येते. ट्रान्झिस्टर घेऊन जाते हं, नाहीतर तुमच्यासाठी ठेवणारच होते.”

“खुशाल न्या.”

दुपारी नाटक वेळेवर सुरू झाले. भाषण नव्हते, काही नव्हते. खटका त्याच्या जरा आधी पडला होता. आतले काचेचे वाल्व तापल्याशिवाय तो रेडिओ बोलत नसे; ते तापून तयार होते. भावाचा आवाज खोलीत आला आणि वहिनींनी पदर तोंडाशी नेला. तो आवाज तरुणच राहिला होता. त्या आता त्याच्या आईच्या वयाच्या होत्या. पावणेसहा आरामखुर्चीत ताठ बसले होते, खिशातल्या पिनांवर डावा हात ठेवून. कारखान्यात कधी वाटले नव्हते असे समाधान त्यांना वाटत होते.

माणूस अर्ध्या वाटेवर आला असेल, तेव्हा वीज गेली.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. पण मिनिटभरात वीज परत आली. खटका चालूच होता, त्यामुळे रेडिओही थोडा तापून पुन्हा बोलू लागला. एखादा प्रसंग बुडाला असेल, इतकेच. माणूस एका नावाड्याशी हुज्जत घालत होता. फक्त घड्याळ थांबले होते. ते थांबलेलेच राहिले असते, तर खटका जगाच्या अंतापर्यंत चालूच राहिला असता.

पावणेसहांनी आवाजातला फरक ओळखला. मोटरची गुणगुण नव्हती. त्यांनी खुर्चीच्या हाताला धरून उठायला सुरुवात केली.

“अहो, राहू द्या. लागलाय ना रेडिओ.”

“घड्याळ बंद आहे.”

“असू दे बंद. मला वेळ नाही बघायची. थांबा, मीच देते गिरकी, नाटक झालं की.”

“बंद घड्याळ तसंच ठेवायचं?” ते म्हणाले. आणि मग, वहिनी उठू लागल्या हे पाहून, संसारात पूर्वी कधीही न उच्चारलेले शब्द त्यांनी उच्चारले: “तू बस. तू ऐक. मी करतो.”

वहिनी बसल्या. कोणी असे म्हटल्यावर काय करायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पाय ओढत ते रेडिओपाशी गेले. पेटीच्या मागे हात घातला. ते बोंड त्यांच्या उजव्या अंगठ्याने हजारो वेळा फिरवले होते. त्या अंगठ्याला दिशा विचारावी लागत नसे. डाव्या अंगठ्याने तीच गिरकी दिली. आरशात दिसावी तशी, तंतोतंत तीच. मोटर गुणगुणू लागली. तो आवाज दोन्ही दिशांना सारखाच असतो. चष्मा खिडकीत होता. ते तृप्त होऊन खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, “झालं.”

माणूस पुढे चालत राहिला आणि घड्याळ मागे. जितका वेळ नाटक झाले होते तितके ते मागे आले, आणि मग दुपारी खटका उघडणारी चालूची पिनच उलट बाजूने येऊन त्याच खटक्याला टेकली आणि तिने तो उलटा, बंदकडे, ढकलला. रेडिओत एक म्हातारा त्या माणसाला म्हणत होता, “तेच का तुझं घर? दिवा दिसतोय बघ.”

खट्.

“वीज गेली,” पावणेसहा म्हणाले.

“दिवा लागलाय,” वहिनी म्हणाल्या.

“मग वाल्व उडाला असेल.” ते उठले. खिडकीपर्यंत गेले, चष्मा पाडला, वाकून उचलला, नाकावर चढवला आणि घड्याळाकडे पाहिले. तीन वाजायला थोडा अवकाश होता. त्या घड्याळाप्रमाणे नाटक अजून सुरूच व्हायचे होते.

त्यांना कारखान्यातले लाल कान आठवले.  त्यांनी डाव्या हाताने काटे पुढे फिरवायचा प्रयत्न केला. बोटे घसरत होती. वहिनी जागच्या उठून बाहेर गेल्या. शेजारणीच्या दाराला कुलूप होते, हे त्यांना माहीतच होते. तरी त्या तिथवर जाऊन, कुलपाला हात लावून परत आल्या. तोवर खटका पडला होता आणि रेडिओ तापत होता. आवाज हळूहळू वर आला. निवेदिका कलावंतांची नावे वाचत होती. त्यांत त्याचे नाव पहिले होते. ते तिने अगदी स्वच्छ उच्चारले.

नंतर सनई लागली.

“चुकलं,” पावणेसहा म्हणाले.

वहिनी जाळीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मागच्या वेळी दारापर्यंत तरी आला होता. या वेळी वाटेतच राहिला.”

त्या पेटीमागे हात घालून उभ्या राहिल्या, घड्याळाला सुलटी गिरकी दिली आणि आत गेल्या. भांडी नेहमीसारखीच वाजली, आदळआपट नव्हती. तशी असती तर पावणेसहांना बरे वाटले असते. सनई संपली, बाजारभाव झाले, कोणी तरी फळझाडांवरच्या किडीबद्दल बोलू लागले. उजेड कमी झाला. बंद करायला त्या रेडिओला काही नव्हते. दांडी त्यांनी कधीच कापली होती आणि पिना त्यांच्या खिशात होत्या. ते खिसा चाचपीत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“पिना लावू का परत?” त्यांनी विचारले. “हा बोलतच राहील नाहीतर.”

वहिनींनी मागे वळून पाहिले नाही.

“बोलू दे की,” त्या म्हणाल्या. “आता कोणाला ऐकायचंय.”